जूनो-१०६ मधला प्रत्येक सहावा स्वर का बिघडतो : तपासणीचा क्रम

एकामागून एक पट्ट्या दाबत गेले की पाच स्वर स्वच्छ येतात आणि सहावा येतच नाही, किंवा आला तर फाटलेल्या स्पीकरमधून यावा तसा खरखरत येतो. पुन्हा पाच स्वर ठीक आणि पुन्हा तोच अडथळा. रोलँड जूनो-१०६ हा सिंथेसायझर दुरुस्तीला येतो तेव्हा बहुतेक वेळा तक्रार हीच असते. वादकाला वाटते की अमुक एक पट्टी खराब झाली आहे, पण दुसऱ्या दिवशी ती पट्टी नीट वाजते आणि भलतीच बिघडलेली दिसते, त्यामुळे तो गोंधळून जातो.

या बिघाडाची इतर रूपेही ओळखून ठेवावीत. कधी एक स्वर बाकीच्यांपेक्षा हळू ऐकू येतो. कधी पट्टी सोडली तरी स्वर पूर्ण मिटत नाही आणि मागे बारीक घुमत राहतो. कधी फिल्टरचा स्लायडर खाली आणूनही सहांतला एक स्वर उघडा आणि चरचरीत राहतो. कधी स्वराच्या सुरुवातीला ‘ठप्प’ असा धक्का बसतो, आणि कधी काहीही न वाजवता फोडणीत मोहरी तडतडावी तशी तडतड चालू असते. यांतली काही लक्षणे वाद्य सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, आतले भाग तापले की मगच दिसू लागतात. माझ्याकडे अशी वाद्ये पावसाळ्यात अधिक येतात.

कारण समजून घेतले तर पुढच्या तपासण्यांचा क्रम आपोआप पटेल. जूनो-१०६ हे १९८४ सालचे वाद्य. त्यात एका वेळी सहा स्वर वाजू शकतात, कारण आत स्वर तयार करणारे सहा स्वतंत्र मार्ग आहेत. जाणकार त्यांना ‘व्हॉइस’ म्हणतात. प्रत्येक व्हॉइसची मूळ लहर एमसी५५३४ए या चिपमध्ये तयार होते आणि तिथून ती ८००१७ए नावाच्या छोट्या मॉड्यूलमध्ये जाते. एकेका व्हॉइसचा फिल्टर आणि आवाज कमी-जास्त करणारा व्हीसीए हे दोन्ही या ८००१७ए मध्ये सामावलेले आहेत. ते एक चिनी मातीच्या पातळ पट्टीवर बसवलेले बारीक सर्किट असून त्यावर काळ्या राळेचा जाड लेप दिलेला असतो. सर्किटाचे रक्षण करण्यासाठी दिलेला हा लेपच वर्षांनुवर्षांनी किंचित वीजवाहक होतो. आतले नियंत्रण मायक्रोअँपिअरमध्ये मोजाव्या लागणाऱ्या अत्यंत क्षीण विद्युतप्रवाहांवर चालते, म्हणून लेपातून झिरपणारा नगण्य प्रवाहदेखील चिपला खऱ्या आज्ञेसारखा भासतो. व्हीसीएला ‘बंद हो’ असा आदेश असताना तो अर्धवट उघडा राहतो आणि फिल्टर भलतीकडेच सरकतो. हेच मॉड्यूल एचएस-६० आणि एमकेएस-७ या भावंडांतही आहे, त्यामुळे पुढचे बरेचसे विवेचन त्यांनाही लागू पडते.

असे असले तरी व्हॉइस बिघडला म्हणजे ८००१७ए गेलीच, असे धरून चालणे ही या दुरुस्तीतली सर्वांत महागडी चूक आहे. एका वादकाच्या वाद्यात पूर्वीच्या कारागिराने सहाही मॉड्यूल बदलले होते आणि दोष जागच्या जागी होता. तो निघाला एका जोडणीच्या कोरड्या डागात (सोल्डरच्या सांध्यात), पाच मिनिटांत दुरुस्त होण्यासारखा. म्हणून जे फुकट आणि निर्धोक आहे तिथून सुरुवात करावी.

पेचकस हाती घेण्यापूर्वी

सर्वप्रथम मिडीच्या, म्हणजे दुसऱ्या वाद्याकडून किंवा संगणकाकडून आज्ञा आणणाऱ्या, केबली आणि पायातला होल्ड पेडल काढून ठेवावा. अडकलेला पेडल किंवा बाहेरून आलेली आणि न संपलेली मिडी आज्ञा यांमुळे स्वर घुमत राहतो आणि तो अगदी व्हीसीएच्या गळतीसारखाच ऐकू येतो. त्यानंतर कोरस, म्हणजे स्वर भरदार करणारा परिणाम, बंद करावा. कोरसचे सर्किट सगळ्या व्हॉइसना सामाईक असून त्यात एमएन३००९ जातीच्या दोन चिपा आहेत. खरखर फक्त कोरस चालू असतानाच येत असेल तर व्हॉइसला हात लावण्याचे कारण नाही. शोध तिकडे घ्यावा.

आता मॅन्युअल बटण दाबावे, म्हणजे मेमरीतले मूल्य बाजूला पडून स्लायडर जिथे आहेत तेच मूल्य लागू होते. मग पाटीवर पुढील नावे लिहिलेल्या बटणांनी आणि स्लायडरांनी अगदी साधा स्वर बांधावा. फक्त सॉ लहर चालू ठेवावी, सब आणि नॉइज शून्यावर आणावेत, फिल्टरची फ्रीक्वेन्सी पूर्ण वर न्यावी, रेझोनन्स, एन्व्हलप आणि एलएफओ शून्यावर ठेवावेत आणि व्हीसीए ‘गेट’वर ठेवावा. हाय-पास फिल्टरचा स्लायडर ‘१’ वर ठेवावा, कारण या वाद्यात ‘०’ म्हणजे सपाट नव्हे. तिथे खर्ज वाढवलेला असतो आणि तुलना फसते. इतक्या उघड्या स्वरात सहा व्हॉइसमधला किरकोळ फरकही कानाला लगेच जाणवतो. गुंतागुंतीच्या ध्वनीवर तपासणी करणाऱ्यांचा तासन्‌तास वेळ जातो, कारण त्यांना दोष आणि ध्वनीचा स्वभाव वेगळे करता येत नाहीत.

यानंतर बिघाड पट्टीमागे जातो की व्हॉइसमागे, हे ठरवावे. पॉली १ चे बटण दाबावे. या स्थितीत वाद्य सहा व्हॉइस पाळीपाळीने वापरते. पॉली २ मध्ये वाटपाची पद्धत वेगळी असल्याने मोजणी चुकते. शेजारच्या सात-आठ पट्ट्या एकेक करून दाबत जाव्यात आणि तेच वेगळ्या पट्टीपासून पुन्हा करावे. दोष नेहमी एकाच पट्टीवर येत असेल, तर त्या पट्टीखालचे संपर्क मळलेले आहेत आणि साफसफाईने काम भागेल. दोष दर सहाव्या वेळी येत असून पट्टी बदलत असेल, तर तो व्हॉइसमध्ये आहे.

व्हॉइसचा क्रमांक वाद्य स्वतःच सांगते, आणि ही सोय पुष्कळांना ठाऊक नसते. वाद्य बंद करून ‘की ट्रान्स्पोज’चे बटण दाबून धरावे आणि तसेच धरून वाद्य सुरू करावे. या चाचणी-स्थितीत पट्टी दाबली की ती वाजवणाऱ्या व्हॉइसचा अंक डिस्प्लेवर दिसतो. सदोष स्वर येईल तेव्हाचा अंक कागदावर लिहून ठेवावा, कारण पुढचे सगळे काम या अंकावर अवलंबून आहे. वाद्य बंद करून पुन्हा नेहमीप्रमाणे सुरू केले की ही स्थिती संपते.

शिळेची परीक्षा

माझ्या मते या दुरुस्तीतली सर्वांत मोलाची तपासणी हीच आहे, आणि तिला ना खर्च आहे ना धोका. सॉ आणि पल्स दोन्ही लहरी बंद कराव्यात, सब आणि नॉइज शून्यावर असू द्यावेत, फिल्टरची फ्रीक्वेन्सी मध्यावर आणावी, रेझोनन्स पूर्ण वर न्यावा आणि कीबोर्डचा स्लायडरही पूर्ण वर करावा. आता मूळ लहर नाहीच, तरीही पट्टी दाबली की स्वच्छ शीळ ऐकू येते. ही शीळ फिल्टर स्वतःच्या आंदोलनातून निर्माण करतो. म्हणजे इथे एमसी५५३४ए चिपचा काहीही संबंध उरत नाही आणि ८००१७ए एकटी कसाला लागते. सहाही व्हॉइसची शीळ ऐकावी आणि मोजणी मध्येच सोडू नये, कारण पाळी पुढे चालूच असते.

सदोष व्हॉइसची शीळ खणखणीत येत असेल आणि सॉ लहर मात्र येत नसेल, तर ८००१७ए चा फिल्टर आणि व्हीसीए दोन्ही जिवंत आहेत. शोध लहर तयार करणाऱ्या एमसी५५३४ए कडे वळवावा. अशा वेळी नवी ८००१७ए मागवणारा माणूस पैसे वाया घालवतो. उलट, शीळही नाही आणि सॉ देखील नाही, असे असेल तर संशय ८००१७ए वर किंवा तिला मिळणाऱ्या नियंत्रण-व्होल्टेजवर जातो. पट्टी सोडल्यावरही शीळ बारीक चालूच राहिली, तर व्हीसीए पूर्ण मिटत नाही.

शीळ येते पण बाकीच्यांहून चढी किंवा उतरती येते, ही स्थिती थोडी सूक्ष्म आहे. ती कायम एकाच अंतराने चढी असेल, तर बहुधा फिल्टरची जुळवणी हललेली असते. ती पट्टी धरून ठेवल्यावर हळूहळू सरकत असेल, तर नियंत्रण-व्होल्टेज धरून ठेवणाऱ्या भागात गळती आहे. या वाद्यात एकच परिवर्तक सगळी व्होल्टेजे आळीपाळीने तयार करतो आणि ४०५१ जातीच्या चिपा ती एकेका व्हॉइसच्या छोट्या कपॅसिटरवर साठवतात. तो कपॅसिटर झिरपू लागला की मूल्य सरकते.

आणखी एक गोष्ट इथेच नमूद करतो. जूनोतल्या लहरींचा सूर स्फटिकावर चालणाऱ्या अंकीय टायमरमधून येतो, म्हणून जुन्या व्हीसीओच्या, म्हणजे व्होल्टेजवर सूर ठरवणाऱ्या, वाद्यांप्रमाणे एखादाच व्हॉइस हळूहळू बेसूर होत नाही. टायमरच्या ८२५३ जातीच्या दोन चिपा असून प्रत्येकीत तीन गणक आहेत. तीन व्हॉइस एकदम बेसूर किंवा मुके झाले असतील तर एकेका व्हॉइसच्या मागे न लागता या सामाईक भागाकडे पाहावे.

झाकण उघडल्यावर

इथून पुढे, यंत्र चालू ठेवूनच करायच्या पायऱ्या सोडल्या तर, प्लग भिंतीतून काढलेला असला पाहिजे. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण पॉवर सप्लायच्या बाजूला घरचा वीजपुरवठा थेट येतो. प्लग काढल्यावर काही मिनिटे थांबावे. सिंथेटिक कपडे टाळावेत आणि मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधावा. इतक्या जुन्या चिपांना अंगातल्या स्थिर विजेचा एक झटका पुरतो.

वाद्य परदेशातून आलेले असेल तर मागच्या पाटीवरचे व्होल्टेज आधी वाचावे. जपानमधले वाद्य १०० व्होल्टचे आणि अमेरिकेतले ११७ व्होल्टचे असते. नातेवाइकांनी प्रेमाने आणलेले असे वाद्य आपल्याकडच्या २३० व्होल्टला थेट जोडले गेले असेल, तर बिघाड व्हॉइसचा नसून पुरवठ्याचा आहे आणि ते काम आपले नव्हे.

पहिले काम डोळ्यांचे. मॉड्यूल बोर्डावर सहा काळ्या, उभ्या, एका ओळीत पाय असलेल्या ८००१७ए दिसतील. मेमरीसाठी लावलेली तीन व्होल्टची सीआर२०३२ बॅटरी फुगली किंवा पाझरली आहे का, हे पाहावे. ती डाग देऊन बसवलेली असते. बदलण्यापूर्वी आपले ध्वनी टेपवर किंवा मिडीतून संगणकावर उतरवून ठेवावेत, कारण ती काढताच मेमरी पुसली जाते.

नंतर बोर्डांना जोडणाऱ्या पट्टीकेबली एकेक करून, दिशा लक्षात ठेवून, काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. कोकणपट्टीच्या दमट हवेत राहिलेल्या वाद्यांत केवळ एवढ्यानेच दोष नाहीसा झालेला मी अनेकदा पाहिला आहे. त्याच वेळी भिंगातून जोडणीच्या पायांचे डाग पाहावेत. चांगला डाग पायाभोवती चढत गेलेला आणि एकसंध असतो. कोरड्या डागात पायाभोवती केसाएवढी गोल भेग दिसते. वर्षानुवर्षे तापून-निवून आणि केबल ओढली जाऊन ती पडते. असा डाग थोडे फ्लक्स लावून पुन्हा वितळवला की काम होते.

ज्यांना चालू यंत्रावर मल्टिमीटर वापरण्याची सवय आहे, त्यांनीच पुढच्या दोन पायऱ्या कराव्यात. मॉड्यूल बोर्डाकडे येणाऱ्या जोडणीवर +१५, −१५ आणि +५ व्होल्ट मोजावेत. हे पुरवठे सगळ्या व्हॉइसना सामाईक असतात, म्हणून एकच व्हॉइस बिघडलेला असताना ते बहुधा ठीकच निघतात. तरी मोजायचे, कारण खालावलेल्या पुरवठ्यावर कच्ची चिप सर्वांत आधी कोलमडते आणि नवी चिप बसवूनही तक्रार परत येते. प्रोबचे टोक शेजारच्या पायाला लागू देऊ नये. पंधरा आणि पाच व्होल्टचे दोन पाय क्षणभर जोडले गेले तरी अंकीय भागाची हानी होते.

तापल्यावरच येणारा दोष असेल तर थंडावा देणारा स्प्रे उपयोगी पडतो. वाद्य तापू द्यावे, तडतड सुरू झाली की संशयित ८००१७ए वर एक छोटा फवारा मारावा. तडतड त्याच क्षणी थांबली, तर चोर सापडला. फवारा मोठा मारू नये. साचलेले दव नवा दोष दाखवते. सहाही चिपांवर एकदम मारला तर काहीच कळत नाही.

ट्रिमरांबद्दल, म्हणजे पेचकसाने फिरवायच्या बारीक जुळवणी-खुंट्यांबद्दल, एक विनंती आहे. प्रत्येक व्हॉइसजवळ व्हीसीए ऑफसेट, व्हीसीए गेन, फिल्टरची फ्रीक्वेन्सी, रेझोनन्स आणि विड्थ यांचे छोटे ट्रिमर असतात, आणि ते फिरवून पाहण्याचा मोह फार होतो. स्वराच्या सुरुवातीचा ‘ठप्प’ आवाज ऑफसेटच्या ट्रिमरने खरोखरच कमी होतो, म्हणून तेवढा एक, मूळ जागेवर मार्करने खूण करून, अगदी किंचित फिरवून पाहण्यास माझी हरकत नाही. बाकीच्यांना सर्व्हिस मॅन्युअल आणि ऑसिलोस्कोप (लहर पडद्यावर दाखवणारे उपकरण) यांच्याशिवाय हात लावू नये. सगळे ट्रिमर फिरवलेले वाद्य आले की मूळ दोष शोधण्याआधी मला तीस काट्यांचा गुंता सोडवावा लागतो.

चिप काढण्याची वेळ

इथवर सगळे ठीक निघाले आणि शिळेने ८००१७ए कडेच बोट दाखवले, तर ती काढून शेजारच्या चांगल्या व्हॉइसच्या चिपशी अदलाबदल करणे हा निर्णायक पुरावा ठरतो. दोष चिपबरोबर नव्या जागी गेला तर चिप सदोष आहे. तो जुन्या जागीच राहिला तर आसपासचा ऑप-अँप (संकेत वाढवणारी चिप), ४०५१ किंवा कपॅसिटर सदोष आहे. चिप मुळात डाग देऊन बसवलेली असते. जुन्या बोर्डाचा तांब्याचा थर जास्त उष्णतेने उचलला जातो, म्हणून आधी प्रत्येक डागावर थोडे नवे सोल्डर चढवावे, मग पंपाने आणि जाळीदार विकने ते शोषून घ्यावे, आणि प्रत्येक पाय मोकळा हलतो आहे याची खात्री झाल्यावरच चिप उचलावी. ओढावी लागत असेल तर एक पाय अजून अडकला आहे. रिकाम्या जागी एका ओळीचा चांगला सॉकेट बसवावा. असे सॉकेट, फ्लक्स आणि विक पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतात. चिप उलटी बसवली की ती कायमची जाते, म्हणून काढण्यापूर्वी फोटो घ्यावा.

चिप सदोष ठरल्यावर दोन मार्ग उरतात. पहिला, लेप काढून पाहण्याचा. चिप शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून काचेच्या, धातूच्या झाकणाच्या बरणीत दोन-तीन दिवस ठेवावी. नखांचा रंग काढण्याचे दुकानी द्रव नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. ॲसिटोन फार लवकर पेट घेते, म्हणून बरणी स्वयंपाकघरात, देवघरातल्या निरांजनाजवळ किंवा लहान मुलांच्या हाताशी मुळीच ठेवू नये. खिडकी उघडी ठेवावी. रोज एकदा पाहावे. घाई करून कडक लेप खरवडला तर त्याबरोबर खालचे बारीक भाग उपटून येतात. वेळ आली की लेप भिजवलेल्या बदामाच्या सालीसारखा सुटतो आणि लाकडी काडीने हलकेच ढकलला की निघतो. खाली पांढरी पट्टी आणि तिच्यावरचे चिमुकले भाग प्रथमच उजेडात येतात. स्वच्छ ॲसिटोनने पुन्हा धुऊन पूर्ण एक दिवस सुकू द्यावे आणि मगच बसवावे.

या उपायाने मुकी चिप बोलू लागलेली मी पुष्कळदा पाहिली आहे, आणि काही महिन्यांनी तीच परत मुकी झालेलीही. आतला अर्धवाहकच निकामी असेल तर लेप काढून काही साध्य होत नाही. म्हणून घरी वाजवण्याच्या वाद्यासाठी हा मार्ग मी सुचवतो. रंगमंचावर किंवा स्टुडिओत रोज लागणाऱ्या वाद्यासाठी नाही. तिथे आज नव्याने बनवली जाणारी पर्यायी मॉड्यूले घ्यावीत. ती मूळ ८००१७ए च्या जागी बसतात आणि त्यांना हा जुना लेप नसतो. ‘न वापरलेली मूळ चिप’ म्हणून विकली जाणारी जुनी चिप मात्र टाळावी, कारण तिच्यावरचा लेपही तितकाच वयस्क असतो, मग ती वापरलेली असो वा नसो. दोन किंवा अधिक व्हॉइस एकाच वर्षात गेले असतील तर सहाही बदलावेत, असे माझे मत आहे. एकाच वयाच्या उरलेल्या चिपा त्याच वाटेवर असतात, आणि बोर्ड पुन्हा पुन्हा तापवणे त्याला सोसत नाही. काढलेल्या मूळ चिपा नाव-क्रमांक लिहून जपून ठेवाव्यात.

कुठे थांबावे

मोजलेल्या पुरवठ्यात फरक आढळला, ट्रान्सफॉर्मर गुणगुणत असेल, फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल किंवा जळका वास येत असेल, तर झाकण बंद करून अनुभवी तंत्रज्ञाला बोलवावे. पॉवर सप्लायवर शिकायचे नसते. चिप काढताना तांब्याचा एखादा थर उचलला गेला, तर दुसऱ्या चिपला हात न लावता थांबावे, कारण एक तुटलेली वाट तारेने जोडता येते, दहा नाही. शिळेने एमसी५५३४ए किंवा टायमरकडे बोट दाखवले तरी थांबावे; तिथला मागोवा ऑसिलोस्कोपशिवाय घेता येत नाही. आणि नवी मॉड्यूले बसवल्यानंतरची जुळवणीदेखील, हातात ऑसिलोस्कोप आणि सर्व्हिस मॅन्युअल नसेल, तर तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. ती न करता वाजवलेल्या जूनोत सहा स्वर येतात खरे, पण प्रत्येकाचा रंग वेगळा असतो आणि एकच स्वरसमूह धरला तरी तो एका वाद्याचा वाटत नाही.

वाद्य तंत्रज्ञाकडे देताना झाकणाच्या आत एक कागद चिकटवावा. सदोष व्हॉइसचा अंक, शीळ येते की नाही, दोष थंड असताना येतो की तापल्यावर, कोणत्या केबली काढून बसवल्या, कोणते डाग पुन्हा दिले आणि कोणता ट्रिमर किती फिरवला, हे सगळे त्यावर लिहावे. फिरवलेला ट्रिमर लपवू नये. त्या एका ओळीने समोरच्याचे कित्येक तास वाचतात.